चिलमीतला खडा

लग्नाला चार महिने झाले होते, तेव्हा सासूबाईंनी सासऱ्यांची चिलीम माझ्या ताब्यात दिली. दिली म्हणजे काय, मी परातीत कणीक मळत होते, तिथंच शेजारी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "आजपासून हे तू पाहाय. माह्यानं आता खाली बसनं होत नाई." मी कणकेकडे पाहिलं, चिलमीकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्या काळात मी सगळ्यालाच मान डोलवायची. मानेचं दुखणं मला तेव्हापासूनच लागलं असावं.

हे सगळं वर्ध्याकडच्या अल्लीपूरचं, नव्वद सालानंतरच्या वर्षांतलं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजींच्या उजव्या हाताची तीन बोटं फार पूर्वी कडबा कटरमध्ये सापडली होती. ती तुटली नाहीत, पण वळायचीही नाहीत. डाव्या हातानं ते तंबाखू चुरायचे, चिलीम भरायचे, निखारा ठेवायचे. साफ करणं मात्र एका हाताचं काम नव्हतं. आधी ते आत्याबाई करायच्या, मग माझ्याकडे आलं. आणि ती चिलीम तंबाखूचीच होती, गांजाची नव्हे. माहेरी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी आधी तेच विचारलं होतं.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. चिलीम आतून इतकी काळी आणि चिकट, की मला किळस आली. भांड्यांच्या साबणानं मी ती खसाखसा घासली, पाण्यातून दोनदा काढली आणि उन्हात पालथी घातली. संध्याकाळी मामाजींनी पहिला झुरका घेतला आणि ते पाच मिनिटं थुंकत राहिले. माती सगळा साबण पिऊन बसली होती. मी स्वयंपाकघराच्या दारामागे पदर तोंडात धरून उभी. ते माझ्याकडे वळले नाहीत. अंगणात बांधलेल्या बकरीला म्हणाले, "चिलीम म्हनजे कपबशी नोहे व बाई."

बकरीला म्हणाले, कारण आमच्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. कुणी तसा नियम सांगितला नव्हता, पण होता. चहा द्यायचा तर सपरीत, म्हणजे घरापुढच्या उघड्या पडवीत, कप ठेवायचा आणि बांगड्या वाजवायच्या. निरोप असेल तर आत्याबाईंना सांगायचा, मामाजी तीन हातांवर बसलेले असले तरी. आत्याबाई घरात नसतील तर बकरी होतीच. तेही तसंच करायचे. "सूनबाईले सांग, आज पानी लवकर भर," असं ते बकरीला सांगायचे, आणि मी हंडा उचलायची. त्या बकरीला आमच्या घरातलं जितकं ठाऊक होतं तितकं माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. तो हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. सकाळी जायचा, यायचा तो सरकीची धूळ अंगभर घेऊन, आणि जेवता जेवता पेंगायचा.

चिलीम साफ करायची खरी रीत मला आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी दाखवली. आधी उलटी करून जळलेला गुल झाडायचा. मग आतला खडा काढायचा. चिलमीच्या निमुळत्या गळ्यात एक लहानसा गोटा असतो. तंबाखू आणि निखारा खाली घसरू नये, पण धूर मात्र त्याच्या कडेनं निघावा, यासाठी तो. खड्यावरचं किटण सुरीच्या पाठीनं खरवडायचं. गळ्यात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, काडी फिरवायची. मग जुन्या धोतराची हातभर चिंधी घ्यायची, एक टोक सपरीच्या खांबाला बांधायचं, दुसरं चिलमीतून ओवून डाव्या हातात ताणून धरायचं, आणि उजव्या हातानं चिलीम त्या चिंधीवर मागेपुढे करत राहायची. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत करायचं, असं आत्याबाई म्हणाल्या. ती कधीच स्वच्छ निघत नसे. आपला हात दुखला की थांबायचं, हा नियम माझा मी काढला.

दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी, चिलीम चुलीतल्या निखाऱ्यांत पुरायची. आतलं किटण जळून जायचं आणि ती परत विटेसारखी लाल व्हायची. पाणी लावायचं नाही, राखेतच निवू द्यायची, नाहीतर तडकते. खरवडलेलं किटण आत्याबाई करवंटीत जमवायच्या. बैलाच्या खांद्याला जखम झाली, गोचिड झाले, की शेजारपाजारचे ते मागायला यायचे. चिलमीच्या बुडाला गुंडाळायची ओली चिंधी, छापी म्हणतात तिला, ती रोज वेगळ्या वाटीत धुवायची. त्या वाटीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. माझ्या हातांना मात्र तोच वास असायचा. भाकरी थापताना यायचा, केस विंचरताना यायचा. पुढे मुलगी झाली, तिला न्हाऊ घालताना यायचा. शिकेकाई लावली, लिंबू चोळलं, काही उपयोग झाला नाही.

मी हे सगळं निमूट केलं त्याला कारण होतं. आर्वीला आमच्या घरी मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी भीत भीत सांगितलं होतं की पोरगी बारावी झाली आहे, तिला काहीतरी करायची इच्छा आहे. मामाजी डाव्या तळव्यावरची तंबाखू अंगठ्यानं चोळत होते. मान वर न करता म्हणाले, "करू दे मंग." लग्नानंतर दीड वर्षानं गावाच्या दुसऱ्या टोकाला अंगणवाडीत जागा निघाली. आत्याबाई नको म्हणाल्या. नवराही म्हणाला, तेवढ्याशा पैशांसाठी कशाला घर सोडून जायचं. दोन दिवस घरात धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी मामाजींनी बकरीला सांगितलं, "उद्यापासून सूनबाई अंगनवाडीत जाईन. घरातलं करून जाईन."

त्या 'घरातलं करून'नं माझी पाठ मोडली, पण मी गेले. पहाटे पाणी, झाडलोट, भाकऱ्या, चिलीम, आणि मग चाळीस पोरं. त्यांची नाकं पुसायची, वजनं करायची, गाणी म्हणायची, खिचडी वाढायची. दुपारी परत आले की भांडी वाट बघत असायची. मी इतकी दमायची की भाकरीचा घास हातात धरून मला झोप लागायची. तरी ते चार तास माझे होते. तिथं मला बाई म्हणायचे. तिथं मी तोंड उघडून बोलायची, ओरडायची, हसायची सुद्धा. गावाच्या या टोकाला मुकी आणि त्या टोकाला वाचाळ, असा माझा संसार होता.

आत्याबाई उघडच म्हणायच्या, "हे हायेत तोवर जाय. मंग पाहू." मंग पाहू म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. माझी अंगणवाडी मामाजींच्या श्वासावर उभी होती, आणि त्यांचा श्वास मी रोज सकाळी चिंधीनं पुसत असलेल्या त्या चिलमीतून जात होता.

खोकला आधीपासून होताच. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास तो वाढला. चार पावलं चालले की खांब धरून उभे राहायचे. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, चिलीम बंद. मामाजी "हो" म्हणाले, आणि घरी येऊन आधी चिलीम भरली. नवऱ्यानं रागानं ती दगडावर आपटली. मामाजींनी बाजारातून नवी आणली. कोरी चिलीम घसा सोलून काढते, त्यांचा खोकला दुप्पट झाला. नवऱ्यानं तीही फोडली, त्यांनी तिसरी आणली. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "राहू दे बापा. जुनीनं हळू मरीन, नवीनं लवकर." तेव्हापासून सगळ्यांनी हात टेकले.

मी टेकले नाहीत. मला भीती वाटत होती. मामाजींच्या जिवाची काळजी होती म्हणाल तर होती, पण ते अर्धंच खरं. मला माझ्या चार तासांची काळजी जास्त होती. हे लिहायला आज लाज वाटते, पण दमलेल्या माणसाला स्वतःपुरतंच दिसतं.

एकदा माझी साफसफाई घाईत झाली आणि खडा किटणानं गळ्यात घट्ट बसला. मामाजींनी तीन झुरके ओढले, धूर येईना, वैतागून त्यांनी चिलीम बाजूला ठेवली. त्या संध्याकाळी त्यांनी परत ओढली नाही. ते पाहून माझ्या डोक्यात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून येताना नाल्यातून एक खडा उचलून आणला, जुन्यापेक्षा जरासा मोठा. धुण्याच्या दगडावर घासून घासून गळ्यात बसेल असा केला. जुना खडा राखेबरोबर उकिरड्यावर फेकून दिला.

मामाजींनी संध्याकाळी पहिला झुरका घेतला आणि थांबले. चिलीम डोळ्यांपुढे धरली. मी आत चुलीपासून पाहत होते. मग त्यांनी परत ओढली. काही बोलले नाहीत, मला नाही, आत्याबाईंना नाही, बकरीलाही नाही.

माझं फावलं. दोन महिन्यांनी मी आणखी मोठा खडा घासला. आता धूर निघायचा तो जेमतेम. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत पुरणारी तंबाखू दोन बाजार पुरू लागली. आत्याबाई म्हणाल्या, "अक्कल आली म्हातारपनी." मी मनातल्या मनात फुगले. डॉक्टरांना, नवऱ्याला, आत्याबाईंना जे जमलं नाही ते मी एका शब्दाशिवाय केलं होतं.

संध्याकाळी मामाजींसोबत झुरका मारायला दोन म्हातारे यायचे. एक दिवस त्यातला एक म्हणाला, "काऊन गा, तुह्या चिलमीत दम नाई राह्यला. ओढून ओढून गाल बसले माहे." मामाजी हसले. "चालते," म्हणाले. "सवय झाली मले." हळूहळू दोघांचं येणं कमी झालं, मग थांबलं. मामाजी एकटेच सपरीत बसून ओढायचे. गाल आत जायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळे पाणावायचे. हे मी रोज पाहत होते. पाहत होते आणि कमी तंबाखू जळाली याचाच हिशोब करत होते.

मग मी तिसरा खडा घासला.

तो बसवला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पोरांची वजनं करत होते. काट्याला एक पोरगं लटकलेलं, तेवढ्यात शेजारची बाई धापा टाकत आली. "चाल व लवकर. तुहा सासरा पडला. चिलीम ओढून राह्यला होता, अन् पडला." मी ते पोरगं काट्यावरून उतरवलं, मदतनीस बाईच्या हातात दिलं आणि पळाले. पळताना डोक्यावरचा पदर कुठे गेला, मला कळलं नाही.

जीपमधून वर्ध्याला नेलं. नाकात नळी घातली. पहिले दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले. मी भिंतीला टेकून बसून होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते आत गेलेले गाल होते. डॉक्टर नवऱ्याला सांगत होते की फुप्फुसं कधीचीच गेली आहेत, चाळीस वर्षांचा धूर आहे. मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि विचारलं, "जोरात ओढलं तर असं होते का?"

डॉक्टर घाईत होते. "ओढल्यानं होते. हळू काय अन् जोरात काय," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्या एका वाक्यावर मी पुढे कितीतरी वर्षं काढली. कधी त्यातून सुटायची, कधी अडकायची.

मामाजी वाचले. घरी आले ते अर्धे होऊन. चिलीम सुटली, कारण ओढायला श्वासच उरला नव्हता. ती सपरीतल्या कोनाड्यात पडून होती, माझ्या तिसऱ्या खड्यासकट. मी तिला हात लावत नव्हते. हातांचा वास महिनाभरात गेला, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. रोज वाटायचं की सांगून टाकावं. पण सांगायचं कुणाला? आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. बकरी तर मागच्याच साली विकली होती.

एका दुपारी आत्याबाई गावातच कुणाकडे लग्नाच्या पापडांना गेल्या होत्या. मी सपरीच्या उंबऱ्याशी अंगणवाडीचं रजिस्टर भरत बसले होते. मामाजी खाटेवर पडून होते. मला वाटलं, झोपले आहेत. तेवढ्यात आवाज आला, "चिलीम साफ कर."

आजूबाजूला कुणी नव्हतं. ते मलाच म्हणत होते. मी उठले, चिंधी आणली, खांबाला बांधली. चिलीम उलटी केली आणि माझा तिसरा खडा तळहातावर पडला. मला वर बघवेना. मामाजींनी डाव्या हातानं बंडीचा खिसा चाचपला आणि काहीतरी काढून खाटेच्या कडेला ठेवलं. तो जुना खडा होता. काळा, गुळगुळीत, मी पाच-सहा वर्षं रोज खरवडलेला.

"उकिरड्यावरून मीच उचलून आनला," ते म्हणाले. "तू फेकला त्याच दिशी. माह्या बापाच्या चिलमीतला हाय तो. चिलमी फुटल्या, पन खडा तोच."

मी खांब धरला. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी सरळ बोलले. "मंग बदलून काऊन नाई घेतला?"

दोन शब्दांमध्ये त्यांना थांबावं लागायचं. "इतक्या सालात तू मले पह्यल्यांदा काई म्हनली. खड्यानं म्हनली, पन म्हनली. कसं टाळू?"

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी नाई केलं मामाजी. माह्यासाठी केलं. तुम्ही गेले तर माही अंगनवाडी बंद होईन म्हनून केलं."

"ते का मले मालूम नाई?"

"तोंडानं म्हनलं असतं तं सोडली असती तुम्ही?"

खोटं बोलून माझी समजूत काढणं त्यांना सोपं होतं, पण ते तसे नव्हते. "सोडली नसती बहुतेक," ते म्हणाले. "पन मंग हे रडनं तुह्या वाट्याले आलं नसतं. नाई आयकलं त्याचं पाप माह्यावर राह्यलं असतं." मग धाप निवल्यावर म्हणाले, "लोकाईले म्हनून पाहत जाजो. आयकत नाई कोनी, पन म्हनून पाहाजो. आता चहा ठेव."

मी चहा ठेवला. कप खाटेशी नेऊन हातात दिला. बांगड्या वाजवल्या नाहीत. त्यानंतरचे काही महिने आम्ही बोलत होतो, फार नाही, पाण्याचं, औषधाचं, अंगणवाडीतल्या एखाद्या पोराचं. आत्याबाई आधी चमकल्या, मग त्यांनी कानाडोळा केला. म्हाताऱ्याचे दिवस संपत आले आहेत हे त्यांनाही कळत होतं.

त्या हिवाळ्यात मामाजी गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी अंगणात ढीगभर भांडी घासत होते. पाठ इतकी दुखत होती की बसल्या जागचं उठवेना. नवरा खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होता. आत्याबाई म्हणाल्या, "झालं आता. उद्यापासून घरीच राहाय. ते होते तोवर चालवलं."

पूर्वीची मी असते तर मान डोलावली असती, आणि मग आठ दिवस भांडी आपटली असती, नाहीतर कुठला तरी खडा शोधला असता. मी हातातलं गंज, म्हणजे मोठं पातेलं, खाली ठेवलं. "उद्या पोरांची वजनं हायेत, आत्याबाई," मी म्हटलं. "मी जाईन. परवाही जाईन."

नवऱ्यानं मान वर केली. मला वाटलं, आता आत्याबाई घर डोक्यावर घेतील. पण त्याही तेरा दिवसांच्या दमलेल्या होत्या. "मंग सकाळचं पानी कोन भरीन?" त्यांनी विचारलं.

"मीच भरीन."

"भर मंग," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी परत गंज घासायला घेतलं. एवढंच बोलायचं होतं, दोन वाक्यं, आणि ती बोलायची टाळण्यासाठी मी एका माणसाच्या श्वासाच्या वाटेत तीन खडे बसवले होते.